हाक ऐकू येईल असं नाव

त्या सकाळी समोरच्या दारातून हाक आली नाही. मी चहाचं आधण ठेवलं, उतरवलं, पुन्हा ठेवलं. वन्सं, म्हणजे तुमच्या आजोबांची थोरली बहीण, तुमची आत्याआजी, रोज दूधवाला येऊन गेला की दार उघडून मांजरीला हाक मारायच्या. मुलुंडच्या या इमारतीत आमची दारं समोरासमोर. त्यांची किल्ली माझ्या दारामागे खिळ्याला असायची. ती हातात घेतली, पण कुलपात घालवेना. शेवटी खालच्या मजल्यावरच्या सुजाता कांबळेला वर बोलावलं. तिनेच दार उघडलं. वन्सं पलंगावर कुशीला वळून निजलेल्या, मांजर पायथ्याशी बसलेली. सुजाताने त्यांच्या कपाळाला हात लावला आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "मावशी, तुम्ही आधी बसा."

मीरा, निहार, तुम्हाला तिकडे आयर्लंडमध्ये फोनवर एवढंच कळलं, की आत्याआजी झोपेत गेली. आता महिना उलटून गेलाय. मांजरीचं नाव तुम्ही सुचवलंत, पण तेच का ठरलं, हे तुम्हाला ठाऊक नाही. ते सांगायचं राहून जाऊ नये.

तुमचे आजोबा गेले आणि माझ्या मनात एक भीती येऊन बसली. पलीकडच्या विंगमध्ये एक गृहस्थ एकटेच राहत. ते गेल्याचं कित्येक दिवस कुणाला कळलंच नाही, आणि कळलं ते वासावरून. तेव्हापासून पाठ टेकली की मला बंद दारच दिसायचं... कधी वन्संचं, कधी माझं. त्यांना रक्तदाब, गुडघे धरलेले, आणि न्हाणीघराची फरशी गुळगुळीत. मी म्हटलं, "वन्सं, रोज सकाळी मला नुसता एक मिस्ड कॉल देत जा."

"हजेरी देऊ? मी काय शाळेत जाते गो? आणि शालू, तू माझ्यासाठी नाय भीत, स्वतःसाठी भितेस."

ते खरं होतं. म्हणूनच मी तो विषय पुन्हा काढला नाही. पण रोज सकाळी त्यांच्या घरातलं भांडं वाजेपर्यंत माझा जीव थाऱ्यावर नसायचा.

अशात जिन्याखाली ती मांजरी आली. काळीभोर, एका खांद्यावर पांढरा डाग. वन्संच्या घरी रोज मासे, तेव्हा ती कुणाकडे जाणार हे ठरलेलंच. आपल्याकडे नाव ठेवायचा मान आत्याचा. तुमच्या बाबांच्या कानात नाव सांगितलं तेही वन्संनीच. या वेळी मात्र म्हणाल्या, "पोरं काय येत नाय, तिकडचं नाव तरी येऊ दे." मग तुम्ही दोघांनी तिथली जुनी केल्टिक नावं पाठवलीत. मी माझ्या सवयीप्रमाणे प्रत्येकाचा अर्थ शोधून काढला. एका नावामागची कथा फार दुःखाची निघाली, ते मीच बाद केलं. असलं नाव घरात घ्यायची मला भीती वाटली. उरली मेव्ह, ईफा आणि नूला. मेव्ह जुन्या काळची राणी, ईफा म्हणजे सौंदर्य, आणि नूला म्हणजे पांढऱ्या खांद्याची. माझा कल राणीकडे होता.

"अर्थ मांजर विचारणार नाय," वन्सं म्हणाल्या. "तू तुझ्या आतल्या खोलीत जाऊन बस. दार लाव, पंखा लाव. मी माझ्या दारातून हाका मारते. कुठली पोचते ते सांग."

मी मुकाट्याने जाऊन बसले. 'मेव्ह' आलं ते कुणी खाकरल्यासारखं. 'ईफा' पॅसेजमध्येच विरलं. 'नूलाऽऽ' मात्र पंख्यावरून, बंद दारातून थेट माझ्या पलंगापर्यंत आलं. "हे पोचलं," मी बाहेर येऊन म्हटलं. मला वाटलं, मांजर खाली आवारात असली तरी तिला ऐकू यावं म्हणून हा खटाटोप.

बारसं तुम्ही फोनवर पाहिलंच आहे. जुन्या टॉवेलात गुंडाळलेल्या त्या मांजरीच्या कानात वन्संनी कुर्रर्र केलं, तशी तिने कपाटावर उडी घेतली. आत्याच्या पाठीत गुद्दे घालायला बायका हव्यात, मी एकटीच होते. "हळू गो," वन्सं म्हणाल्या, "बरगडी मोडशील, मग बस भीत."

दुसऱ्या दिवसापासून हाक सुरू झाली. एकदा सहज मी दाराच्या भिंगातून पाहिलं. नूला त्यांच्या पायाशीच होती, घोट्याला अंग घासत होती. वन्संनी तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. माझ्या बंद दाराकडे बघून, मान वर करून त्यांनी हाक मारली, "नूलाऽऽ". मांजर चक्रावून वर बघत राहिली. मी पावलं न वाजवता मागे सरले. मला कळलंय हे त्यांना कळलं असतं, तर हट्टाने त्यांनी दुसऱ्याच दिवशी बंद केलं असतं.

आता नूला माझ्याकडे आहे. उंबऱ्यावर बसून समोरच्या कुलपाकडे बघते. तिचं नाव मला मोठ्याने घेववत नव्हतं. मजल्यावर मी एकटीच. दरवेळी फोनवर तुम्ही विचारता, आजी बरी आहेस ना, आणि मी हो म्हणते... पण फोन फक्त रविवारीच येतो.

गेल्या आठवड्यात दूधवाला येऊन गेल्यावर मी दार उघडलं. नूला पायाशीच होती. मी जिन्याच्या कठड्यापाशी जाऊन हाक मारली. हाक खाली पोचली.

खालून सुजाता ओरडली, "मावशी, इकडे नाही हो आली ती."

"माहीत आहे," मी म्हटलं. "माझ्यापाशीच आहे."

ती जिन्यात येऊन वर माझ्याकडे बघू लागली. मग ती म्हणाली, "बरं. उद्या पण मारा."

भीती गेलेली नाही, मुलांनो. पण दुसऱ्या दिवशी मी दार उघडलं, तेव्हा खाली सुजाताच्या दाराची कडी आधीच निघाल्याचा आवाज आला. मग मी हाक मारली.