टाकीमागचं इंजन

इंजनाचं नाव काढलं का तुमाले वाटन, हा पोट्टा आता वर्धा स्टेशनावरची मोठी गोष्ट सांगते. धूर, गर्दी, हिरवी झेंडी. कायचं काय! आमचं इंजन पितळेचं, हातभर लांब. अन त्याची लाइन नालवाडीतल्या आमच्या आंगनात, तुळशीपासून पान्याच्या टाकीमागून परत तुळशीपाशी.

ते बाबानं बनवलं. ऑफिसातून आले का कानस घेऊन घासत बसत. पन इंजन कधी पुरा फेरा मारेच ना. टाकीमागं गेलं का दम सोडे. मंग बाबाले लकवा मारला. उजवा हात गेला, बोलनं अडकाले लागलं. पाह्याले येनारा जो तो म्हने, "वा! मस्त बरे होऊन राह्यले तुमी!" मी तं डॉक्टरचा आवाज काढून म्हनो, "एक नंबर प्रोग्रेस!" बाबा हसत नोव्हते. डाव्या हातानं इंजन दाखवत अन म्हनत, "एक... फेरा."

म्हनलं, होऊन जाऊ दे. बॉयलरात बोरच्या पान्याचा पांढरा थर बसलता, तो लिंबूसत टाकून उकळून काढला. बॉयलरखालच्या दिव्याच्या वाती बाबानं ठासून भरल्या होत्या, स्पिरिट वर चढतच नोव्हतं. त्या मोकळ्या केल्या. आतली गरमी उडून जाऊ नये म्हून बॉयलरले सुती दोरी गुंडाळली.

दसऱ्याच्या सकाळी बाबाले खुर्चीत बसवून आंगनात आनलं. आईनं स्कूटीची पूजा केली, तशी इंजनाचीबी. हळद, कुंकू, झेंडूचा हार. पूजा झाल्यावर मी हार काढून दिवा पेटवला. वाफ धरली अन इंजन निघालं. असं पयले कधीच पळालं नोव्हतं, बाप्पा!

टाकीमागं गेलं अन थांबलं. धावत जाऊन पाह्यतो तं चाकं जाग्यावरच गरगर. रुळाले बोट लावलं. तेल! पुसत बसलो असतो तं वाफ संपली असती. बाबाले तिथलं काई दिसत नोव्हतं. मी बोटानं इंजन ढकललं अन तोंडानं "छुक... छुक..." काढत मागं मागं गेलो.

इंजन टाकीमागून निघून तुळशीपाशी आलं. आईनं टाळ्या वाजवल्या. बाबानं नाई.

"हात... दाखव."

बोटाचं टोक भाजून लाल झालतं.

आई मधात पडली, "अवो, तिथंच अडते ना ते, म्हून मीनंच पूजेच्या वक्ती थोडं तेल लावलं रुळाले. त्याले कायले बोलता?"

"चाकं फिरत होते... गाडी नाई. आइकू येते मले." एक-एक शब्द काढाले त्याइले जीव लागत होता, तरी थांबले नाई. "नसतं गेलं... तं नसतं गेलं. काऊन ढकललं बे? लोकं मले म्हनते... बरा होऊन राह्यला. तू बी... तसाच. लबाड! चाल... तेल पूस. माह्यासमोर... पूस."