उलटं धरलेलं पुस्तक

पुस्तकबांधणीच्या खळीचा वास आला की प्रताप नगरमधली ती दुपार आठवते. सातपुड्यातलं एक रान पहिल्यांदा पायी फिरून मोजणाऱ्या म्हाताऱ्या सर्व्हेअरसाहेबांसाठी मी त्याच रानाचे नकाशे रंगवून, हातानं शिवून पुस्तक केलं होतं. त्यांनी ते उघडलं आणि उलटंच धरलं. मी हळूच सरळ केलं, त्यांनी पुन्हा फिरवलं. यांना दिसत नाही की आता आठवतच नाही, मला कळेना. रडूच यायला लागलं. शेवटी तेच वैतागले, "काहून फिरवून राहिली वं? उत्तर दिशा त्या खिडकीकडे हाय. आधी नकाशा जमिनीशी जुळव, मंग पाह्य." आता ते नाहीत, पुस्तक माझ्याकडे परत आलंय. मनीषनगरच्या सातव्या मजल्यावर ते हातात घेऊन मी गोल फिरत राहते. जुळवायला जमीनच सापडत नाही.