बाहेरगावचा गुरुवार

“मुकुंदवाडीत राहता ना मावशी? मग आज इथे कशाने आलात?”

“सकाळच्या यष्टीनं. पाचोडहून,” आई म्हणाली.

दवाखान्याच्या नंबर लावायच्या खिडकीतली मुलगी हसली. मागची रांगही हसली. “बघा, खोटं बोलून नंबर लावतात,” ती सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली. आईनं पदर तोंडाला लावला. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

आईला शुगर. डोळ्याच्या पडद्यात रक्त उतरलेलं. आमच्याकडं पडद्याचा डॉक्टर नाही, म्हणून संभाजीनगरचा हा दवाखाना. इथला नियम असा: शहरातल्यांना रोज तपासायचं, बाहेरगावच्यांना फक्त गुरुवारी. शहरातल्या माणसाला परवाचा नंबर मिळतो. आम्ही उन्हाळ्यात फोन केला, तर श्रावणातला गुरुवार मिळाला. तोही डॉक्टर परगावी गेले म्हणून रद्द. मग मामा म्हणाला, माझा शहरातला, मुकुंदवाडीचा पत्ता सांगा, सगळेच सांगतात. आईनं तो वाटभर पाठ केला. पण खोटं बोलायची सवय नसलेली बाई ती. सरळ विचारल्यावर सरळच बोलली.

“आता दिवाळीनंतर या. गावाकडच्यांना काय, थांबायची सवय असते.”

“थांबू की माय, आमचं काय,” असं म्हणत आईनं त्या पोरीला हात जोडले.

ते जोडलेले हात बघून मी पेटले. डोळा हिचा जाणार आणि माफीही हिनंच मागायची?

आईचा दंड धरला. तिला डॉक्टरांच्या दारासमोर, फरशीवर बसवलं. मीही बसले.

“ओ ताई, रांग असते इथे,” एक गृहस्थ म्हणाले.

“आमची रांग दिवाळीपर्यंत हाय, काका. तुमची कुठवर हाय?”

ते दुसरीकडं बघायला लागले. तेवढ्यात डॉक्टर बाहेर आले. “बाहेरगावचे ना? गुरुवारी या.”

“डोळ्यातलं रक्त दिवाळीपर्यंत थांबतंय का, साहेब? थांबतं म्हणा, आत्ता उठते.”

त्यांनी दार उघडलं. आईला आत घेतलं. दिवे लावून, थेंब टाकून बराच वेळ तपासलं. उजवा डोळा गेला होता. डावा उपचारानं वाचेल म्हणाले. आणि वर मलाच रागावले, “इतका उशीर का केलात? तुम्ही लोक वेळेवर येतच नाही.”

“उशीर आम्ही नाय केला साहेब. आम्ही उन्हाळ्यातच फोन केला व्हता. तुमचं दार बंद व्हतं.”

आता गावातलं कुणीही तिथं निघालं की मी सोबत जाते. मामाचा, भाच्याचा, कुणाचा पत्ता सांगू देत नाही. खिडकीसमोर उभं राहून आपल्या गावाचं नाव घ्यायचं, मोठ्यानं. गुरुवारी या म्हणाले, तर दारात बसायचं. रखवालदार येऊ दे, पोलीस येऊ दे. आईचा डोळा त्यांच्या नियमानं खाल्ला. आमच्यातला आणखी एकही डोळा त्या नियमाला मिळणार नाही.