पंचविसाव्या आठवड्यात दुबई

“प्लासेंटा लो-लाइंग आहे,” डॉक्टर मॅडम म्हणाल्या आणि सोनोग्राफीचा रिपोर्ट त्यांनी माझ्यासमोर सरकवला. “अंतर बारा मिलिमीटर.”

मी नाशिकमधल्या अंबडच्या एका कारखान्यात क्वालिटी विभागात काम करते. आकडा ऐकला की तो पास की नापास, एवढंच मला आधी सुचतं. म्हणून पहिला प्रश्न तोच विचारला.

“किती हवं?”

“वीसच्या वर.”

म्हणजे नापास.

प्लासेंटा म्हणजे वार. आईच्या रक्तातलं पोषण बाळापर्यंत पोचवते ती. ती गर्भाशयाच्या तोंडापासून दूर, वरच्या बाजूला असली तर बरं. माझी तोंडाच्या फार जवळ होती, आणि अशा वेळी अचानक रक्तस्राव होऊ शकतो. विसाव्या आठवड्यात हे बऱ्याच जणींमध्ये दिसतं आणि गर्भाशय वाढतं तशी वार बहुतेक वेळा वर सरकते, हेही मॅडमनी लगेच सांगितलं. पण पहिलं वाक्य ऐकल्यावर दुसऱ्याकडे लक्ष कुणाचं असतं? शेजारी बसलेला माझा नवरा नीलेश तर पांढराफटक पडला होता.

“आणि आमची बालीची सहल?” मी विचारलं.

नीलेशने माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी तेराव्याला नाच करू का विचारलं.

त्याचंही बरोबर होतं. पण माझंही थोडं ऐकून घ्या. मखमलाबादला आमची फुलशेती आहे. नीलेश आणि सासूबाई झेंडू, शेवंती आणि पॉलिहाऊसमधला गुलाब बघतात. लोकांची सुट्टी म्हणजे आमचा हंगाम. गणपती, दसरा, दिवाळी, लग्नसराई, कधीही बघा, आम्ही फुलांत. लग्नाला सहा वर्षं झाली, पासपोर्ट काढून ठेवलेले, आणि त्यांवर एकही शिक्का नाही. दिवाळीचा झेंडू संपल्यावर आणि फेब्रुवारीच्या गुलाबाची घाई सुरू होण्याआधी जो महिना-दीड महिना मिळतो, तेवढाच आमचा. बाळ झाल्यावर तोही मिळणार नव्हता.

दुसरं कारण सांगायला जड जातं. दोन वर्षांपूर्वी माझं एक बाळ तिसऱ्या महिन्यात गेलं. त्या वेळी मी सगळ्यांचं सगळं ऐकलं होतं. जिना चढू नको म्हणाले, चढले नाही. पपई नको, तीळ नको, घराबाहेर नको. अंथरुणावर पडून छत बघत राहिले, घाबरत राहिले, आणि तरी बाळ गेलं. यात कुणाची चूक नसते, असं मॅडमनी तेव्हा सांगितलं होतं. ते पटायला मला वर्ष लागलं. पटलं तेव्हा ठरवलं की पुन्हा दिवस गेले तर काळजी सगळी घेईन, पण नऊ महिने घाबरून काढणार नाही. मला हे बाळ हवं होतं. फार हवं होतं. आणि त्याची वाट मला आनंदाने बघायची होती.

मॅडमनी पेन खाली ठेवलं. “सहल सोडून द्या असं मी म्हणत नाही. चार आठवडे नाशिकच्या बाहेर जायचं नाही, जड उचलायचं नाही, थेंबभर रक्त दिसलं तरी ताबडतोब इकडे यायचं. चोविसाव्या आठवड्यात पुन्हा बघू. बाली मात्र नको. आणि कुठेही जायचं ठरवलं, तर मला आधी एक सांगायचं. रक्तस्राव सुरू झाला तर तिथे हॉस्पिटलला पोचायला किती मिनिटं लागतील?”

या एका प्रश्नाने माझं काम सोपं केलं. तुमच्यापैकी कुणाला गरोदरपणात परदेशी जायचं असेल तर नकाशावर समुद्रकिनारा शोधण्याआधी हा प्रश्न विचारा.

घरी आल्यावर नीलेशने सासूबाईंना मध्ये घातलं. “आई, तू तरी सांग हिला.”

सासूबाई फुलपुडीचा दोरा दातांनी तोडत होत्या. “मी काय सांगू? तिला डोहाळा लागलाय. डोहाळा पुरवावा लागतो, नाय तर लेकराचे कान फुटतात.”

“अगं, डोहाळा चिंचेचा असतो. परदेशाचा नसतो!”

“तुझ्या टायमाला मला भेळीचा लागला व्हता. तुझे वडील भर उन्हात सायकलीवर गेले नाशकात. त्यांनी नाय विचारलं, भेळच का म्हणून.” मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, “पर डॉक्टरीण नाय म्हणली तर नाय. तिथं डोहाळ्याचं चालायचं नाय.”

मला दोन्ही मान्य होतं.

पुढचे चार आठवडे मी देशांची तपासणी केली. कारखान्यात नमुने तपासते तशीच, एकेक निकष लावून. पिवळ्या तापाची लस लागते ते देश पहिल्या दिवशीच बाद, कारण ती जिवंत विषाणूची लस असते आणि गरोदरपणात शक्यतो देत नाहीत. बालीला डास, झिकाची भीती, शिवाय लांबचा प्रवास. झिका हा डासांमुळे होणारा ताप आईला साधा वाटतो, पण बाळाच्या मेंदूला इजा करू शकतो. मालदीव बघायला सुंदर, पण मुक्काम बेटावर आणि हॉस्पिटलला जायचं तर बोटीतून. नेपाळचे घाटरस्ते नकोत. श्रीलंका जवळ होती, मला फार आवडायलाही लागली होती, पण आम्हाला जायचं होतं त्या किनाऱ्यापासून मोठं हॉस्पिटल दोन तासांवर. दोन तास म्हणजे नापास.

शेवटी उरली दुबई. मुंबईहून तीन तासांचं थेट विमान, डिसेंबरात हवा चांगली, आणि हॉटेलपासून वीस मिनिटांवर असं हॉस्पिटल की जिथे एनआयसीयू आहे. एनआयसीयू म्हणजे वेळेआधी जन्मलेल्या बाळांचा अतिदक्षता विभाग. सहलीला जाताना हा शब्द शोधायला कुणालाच आवडणार नाही. मी शोधला, त्या हॉस्पिटलला ईमेल केली, उत्तर मागवून घेतलं.

“दुबईत काय बघायचं? वाळू?” नीलेश कुरकुरला. त्याला बालीची भातशेती बघायची होती. शेतकरी माणूस, सुट्टीतही त्याला दुसऱ्याचं शेतच बघायचं असतं.

दिवस असे निकष लावण्यात जायचे, पण खरं सांगते, प्रत्येक वेळी बाथरूममध्ये जाताना रक्त दिसेल अशी भीती असायची. आधी डोळे मिटायचे, मग बघायचं. काही नसायचं. मग बाहेर येऊन पुन्हा लॅपटॉप उघडायचा.

चोविसाव्या आठवड्यात मॅडमनी पुन्हा सोनोग्राफी केली. दोनदा मोजलं. “सव्वीस,” त्या म्हणाल्या. वार चौदा मिलिमीटर वर सरकली होती. मी तपासणीच्या टेबलावरच रडले. मॅडम म्हणाल्या, “रडून घ्या आणि मग लिहून घ्या.” त्यांनी फिट टू फ्लाय सर्टिफिकेट, म्हणजे विमानप्रवासाला हरकत नसल्याचं पत्र दिलं. पायांवर दाब देणारे मोजे, कडेची सीट, तासाभराने उठून चालणं, भरपूर पाणी. वाळूतली जीपची सफर अजिबात नाही. सगळे रिपोर्ट आणि रक्तगट लिहिलेली फाइल हातातल्या पिशवीत, सामानाच्या बॅगेत नाही.

इथवर सगळं माझ्या मनासारखं चाललं होतं, आणि इथेच आमच्या घरच्या हिशेबाने घात केला.

विमा मी शोधून काढला होता. गरोदरपणात अचानक उद्भवणारा त्रास त्यात धरलेला होता, अट एकच की सव्वीस आठवडे पूर्ण झालेले नसावेत. आम्ही जाणार होतो पंचविसाव्या आठवड्यात. एजंटाकडे फॉर्म भरायला नीलेश गेला. निघायला चार दिवस असताना पॉलिसी आली. माझ्या सवयीप्रमाणे मी शेवटच्या ओळीपर्यंत वाचली, आणि शेवटच्या पानावर लिहिलं होतं की गरोदरपणाशी संबंधित कोणताही उपचार यातून वगळलेला आहे.

एजंटाला फोन केला. तो म्हणाला, “मॅडम, तुम्ही अठ्ठावीस आठवड्यांच्या आहात ना? मग नाही मिळत.”

नीलेशला विचारलं, “तू काय सांगितलंस?”

“सातवा महिना.”

“सातवा कुणी सांगितला?”

त्याने आईकडे बघितलं. सासूबाई ठामपणे म्हणाल्या, “अमावशेला सातवा लागला की! मी तिथी धरून मोजलंय.”

आमच्याकडे महिना संपल्यावर मोजत नाहीत, लागल्यावर मोजतात, आणि तोही चांद्रमहिना. सहा महिने पुरे व्हायच्या बेतात असताना बाईला सातवा चढतो. एजंटाने सात चोक अठ्ठावीस केले आणि मोकळा झाला. सासूबाईंचा हिशेब चुकीचा नव्हता, डोहाळजेवणाची तारीख काढायला तोच लागतो. फक्त विमा कंपनीला तो कळत नाही. मी मॅडमकडून आठवडे आणि दिवस तारखेसह लिहून घेतले, एजंटाच्या समोर जाऊन बसले आणि नवीन पॉलिसी हातात पडेपर्यंत उठले नाही. पोट पुढे करून खुर्चीत बसलेल्या बाईला कुणी फार वेळ बसवून ठेवत नाही, हा एक फायदा.

मुंबईच्या विमानतळावर जाताना नीलेशने घाटातून गाडी बैलगाडीच्या वेगाने उतरवली. विमान सुरळीत गेलं. दुबईत पहिले दोन दिवस आम्ही काहीच ग्रेट केलं नाही आणि मला ते फार आवडलं. सकाळी किनाऱ्यावर चालायचं, दुपारी झोपायचं, संध्याकाळी कारंजी बघायची. फुलांच्या बाजारात जाऊन नीलेशने गुलाबाच्या दांड्याची लांबी वितीने मोजली. सहा वर्षांत पहिल्यांदा तो माझ्याशी बोलताना फोनकडे बघत नव्हता.

तिसऱ्या दिवशी नाश्त्यानंतर मला रक्त दिसलं.

फार नव्हतं. रुपयाएवढा डाग. भिंतीला धरून उभी राहिले आणि नीलेशला हाक मारली. मला वाटलं होतं तो कोसळेल. पण त्याने फाइल उचलली, टॅक्सी बोलावली. सतरा मिनिटांत आम्ही पोचलो.

त्या टॅक्सीत मनात एकच वाक्य फिरत होतं, मीच हट्ट केला, मीच आणलं बाळाला इथे. तुमच्यावर अशी वेळ आली तर हे वाक्य येईलच. मी त्याला थांबवायचा प्रयत्न केला. मागच्या वेळी मी घरातच होते, हे मी स्वतःला पुन्हापुन्हा सांगितलं. हॉस्पिटल जवळ असावं म्हणूनच ही जागा निवडली आहे, हेही सांगितलं. तरी पोटावरचा हात मी काढला नाही.

हॉस्पिटलच्या लोकांनी फाइल बघितली, रक्तगट बघितला, विमा बघितला आणि सरळ आत नेलं. डॉक्टर बाई बहुधा इजिप्तच्या होत्या. बराच वेळ त्या स्क्रीनकडे बघत राहिल्या. नीलेशने माझं पाऊल धरून ठेवलं होतं, कारण हातापर्यंत पोचायला मशीन मध्ये होतं.

मग त्यांनी स्क्रीन आमच्याकडे वळवली. “वार जागेवर आहे. रक्त गर्भाशयाच्या तोंडावरच्या त्वचेतून आलंय, आता थांबलंय,” त्या इंग्रजीत म्हणाल्या. “तुमची मुलगी अगदी छान आहे.”

मुलगा की मुलगी, हे सांगायला आपल्याकडे बंदी आहे, आणि असायलाच हवी. का असायला हवी ते आपल्याला चांगलं माहीत आहे. त्या बाईंना मात्र ते कुठून माहीत असणार? त्यांनी सहज सांगितलं, बाळाचं वजन सांगावं तसं. पाच महिने मी ‘बाळ, बाळ’ म्हणत होते. आता तिथे एक मुलगी होती, पाय दुमडून पडलेली, छान असलेली. नीलेश माझं पाऊल धरून हमसून रडला. मी आयुष्यात एवढी खूश कधी झाले नव्हते.

संध्याकाळपर्यंत त्यांनी मला देखरेखीखाली ठेवलं. राहिलेले दोन दिवस मी हॉटेलच्या खोलीत लोळून काढले आणि नवीन पत्र घेऊन ठरलेल्या विमानानेच परत आले. येताना आम्ही ठरवलं, मुलीचं कुणालाच सांगायचं नाही.

रक्ताचं आणि हॉस्पिटलचं मात्र सासूबाईंना घरी आल्याआल्या सांगून टाकलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, माझ्या डोक्यावरून हात फिरवला आणि चहा ठेवायला गेल्या. दुसऱ्या दिवशी भावकीतल्या बायका बघायला आल्या. त्यांतल्या एकीने आवाज खाली आणून विचारलंच. “तिकडं सांगत्यात म्हणं, काय हाय ते?”

मी तोंड उघडायच्या आत सासूबाई म्हणाल्या, “सांगितलं की. लेकरू खुशाल हाय.” आणि त्यांनी तिच्यापुढे लाडवाचं ताट सरकवलं.

बत्तिसाव्या आठवड्यात वार पार वर गेलेली होती. एकोणचाळिसाव्या आठवड्यात, इथेच नाशिकमध्ये, नॉर्मल डिलिव्हरी झाली. नर्सने बाहेर येऊन “मुलगी झाली” म्हटलं तेव्हा नीलेशने आश्चर्याचा असा काही अभिनय केला की नर्सही हसली.

सासूबाई बाळाला मांडीवर घेऊन माझ्या पलंगाजवळ बसल्या. “बास कर सोंग,” त्या त्याला म्हणाल्या. “दुबईवरून आलास त्याच दिवशी मला कळलं व्हतं.”

“कसं काय?”

“एवढा हसत घरात शिरला व्हतास, अन् लेकराला ‘ती’ म्हणून गेलास,” त्या बाळाच्या मुठीत आपलं बोट देत म्हणाल्या. “माझ्या टायमाला पोरगी झाली म्हणून हसणारा माणूस मी नव्हता पाहिला. मंग म्हणलं, कशाला विचारायचं.”