कचऱ्याच्या ट्रकमागे लुनावरून: अंधेरी ते मुलुंड

लोक माथेरानला जातात, महाबळेश्वरला जातात. ऐंशीच्या दशकात, एका भाद्रपदात, मी आणि माझी शेजारीण सुशीला मुलुंडच्या डम्पिंग ग्राउंडला गेलो होतो. तेही कचऱ्याच्या ट्रकचा पाठलाग करत.

कारण सांगते. अंधेरीच्या आमच्या वसाहतीत मागच्या पडीक जागेवर सुशीलाने खतासाठी खड्डा केला होता. घरोघर फिरून ती ओला कचरा वेगळा मागायची. कमिटीला मात्र त्या जागेवर स्कूटरसाठी शेड हवी होती. शेवटी अट पडली: ट्रक आपल्याकडून दिवसाआड दोन खेपा नेतो, गणपतीपर्यंत त्यांची एक झाली तर खड्डा राहील, नाही तर बुजवायचा. आणि एक झाली! सुशीलाने पेढे वाटले. मला तो पेढा काही गोड लागेना. आमची माणसं इतक्या लवकर सुधारतील यावर माझा काडीचा विश्वास नव्हता. ड्रायव्हर एकाच खेपेत सगळं कोंबून वाटेत कुठेतरी ओतत असणार, असं माझं पक्कं झालं होतं.

"तू ना, पोलिसात जायला हवी होतीस," सुशीला म्हणाली. पण बसली माझ्या लुनावर मागे.

मरोळ, साकीनाका, मग पवईचा रस्ता. तेव्हा तिथे टॉवर नव्हते, नुसती झाडी आणि तलाव. जाणाऱ्यांसाठी एक सूचना: ट्रकच्या थेट मागे राहू नका आणि तोंडाला ओढणी बांधा. तलावाशी ट्रक थांबला.

"बघ! म्हटलं नव्हतं?"

ड्रायव्हर उतरला, तोंड धुतलं, बिडी ओढली आणि निघाला. मी पाठीमागे बघितलं नाही, पण सुशीला हसत होती हे लुनालाही कळत होतं.

भांडुपला ट्रक पंक्चर काढायला थांबला, तेवढ्यात आम्ही मिसळ खाल्ली. तिखटजाळ, झकास! खर्च म्हणाल तर ती मिसळ, दोन चहा आणि थोडं पेट्रोल.

मुलुंडला आधी घारी दिसल्या, मग धूर, मग डोळे चुरचुरायला लागले. एवढा डोंगर आपण सगळ्यांनी मिळून केला, या विचाराने मला शरम वाटली. आकड्याने भंगार वेचणाऱ्या एका बाईने विचारलं, "काय गं, सोनं पडलं काय कचऱ्यात?"

"नाय मावशी," सुशीला म्हणाली, "हिला चोर पाहिजे."

ट्रक आमच्यासमोर रिकामा झाला. तो काठोकाठ भरलेलासुद्धा नव्हता. चोर नव्हताच. सुशीलाने माझ्या पाठीत एक धपाटा घातला. माझा संशय तरीही जाईना, नुसता जागा शोधत राहिला.

घरी पोचलो. जिना चढताना आमच्या पावलांचा आवाज घुमत होता. आमच्या मजल्यावर तीन दारांना कुलपं. वरच्या मजल्यावर चार. निम्मी वसाहत गणपतीला कोकणात गेली होती. माझ्या नवऱ्याला रजा नव्हती म्हणून आम्ही इथे, आणि सुशीलाची मंडळी जालन्याकडची, बौद्ध, त्यांना गणपतीला गावी जायचं कारण नव्हतं.

सुशीला एका कुलपाला हात लावून उभी राहिली. "पहिली मोजणी कधी झालेली गं?"

"जूनमध्ये. सगळे गावाहून फणस घेऊन आले होते तेव्हा."

तिने मजल्यावरची कुलपं पुन्हा मोजली. मग म्हणाली, "वाट लागली यार."

गप्प बसलो असतो तर खड्डा राहिला असता. मी तसं म्हणालेही. पण कमिटीच्या सभेत तीच उठली आणि म्हणाली, "सगळे परत आले की पुन्हा मोजा."

पुन्हा मोजलं. दोन खेपा. दुसऱ्या खेपेला ती ट्रकच्या चाकावर चढली आणि ओरडली, "अर्धासुद्धा भरला नाही, या, बघा!" सेक्रेटरी खालूनच म्हणाले, "ट्रक दोनदा आला ना? मग झालं."

खड्डा बुजवला.

आता शहराचा कचरा इतके टक्के कमी झाला अशी बातमी वाचली की मी आधी विचारते, कुठल्या महिन्यात मोजला? आणि ट्रकमध्ये कुणी डोकावलं का? सुशीलाने शेवटचं खत डब्यांत भरून कढीपत्ता लावला, एक डबा मला दिला. शेडमध्ये आम्हालाही जागा मिळाली. बरोबर खड्डा होता तिथे. माझी लुना मग तिथेच उभी राहायची, आणि रोज सकाळी मी ती काढायचे तेव्हा सुशीला गॅलरीत कढीपत्त्याला पाणी घालत असायची.