शेवटी वापरणार कोण?

आमच्या वरच्या मजल्यावरच्या काकांइतका संशयी माणूस मुलुंडमध्ये दुसरा नसेल. परदेशी जाणाऱ्या शस्त्रांच्या आणि सुट्या भागांच्या अर्जांची छाननी करणाऱ्या सरकारी कचेरीत त्यांचा जन्म गेला. माल शेवटी कोण वापरणार, हे गिऱ्हाइकाकडून लिहून घ्यायचं, हे त्यांचं काम. निवृत्त झाले, पण सवय काही निवृत्त झाली नाही. आमची ही विरजण मागायला गेली, तर वाटी हातात धरूनच विचारलं, "तूच लावणार ना गं? की पुढे कुणाला देणार?" सोसायटीच्या सेक्रेटरीने त्यांची शिडी नेली ती 'गच्चीवरच्या टाकीसाठी' असं लिहून. संध्याकाळी ती बी विंगमध्ये पंखा पुसायला लावलेली सापडली. काका दोन वर्षं त्यांच्याशी बोलले नाहीत.

माझं लेथचं छोटं वर्कशॉप आहे. मध्यंतरी कामाची पार वाट लागली होती. अशात परदेशातून मोठी ऑर्डर आली, शेतीपंपांच्या नळ्यांची. नमुना घरी आणला आणि काकांनी तो पाहिला. मापं घेतली, उजेडात धरून आतून पाहिला, मग म्हणाले, "पंपाला इतकं बारीक माप कशाला लागतं रे? विचार त्यांना, शेवटी वापरणार कोण."

माझं डोकं फिरलं. "काका, नोकरी संपली ना तुमची? दोन माणसं बसून आहेत माझी."

काका चिडले नाहीत. म्हणाले, "एकदा मी विचारलं नव्हतं. कागदावर शेतीच लिहिलं होतं, साहेबांना घाई होती, मी सही केली. पुढे त्या देशाचं सैन्य शेजारच्या देशात घुसलं. टीव्हीवर पडलेली घरं दाखवत होते. त्यात आपला माल होता की नव्हता, मला कधी कळलंच नाही. होता असं कळलं असतं, तरी बरं झालं असतं."

मी गिऱ्हाइकाला पत्र लिहिलं. उत्तर आलं नाही, ऑर्डरही गेली. कदाचित खरेच पंप असतील. दोघांपैकी एकाला मला कामावरून कमी करावं लागलं. काकांचा मला राग आला होता, खोटं कशाला बोलू. पण झोप लागत होती, हेही खरं.

गेल्या महिन्यात काका मुलीकडे बोरीवलीला राहायला गेले. जाताना शिडी माझ्या दारात आणून ठेवली आणि काही न विचारता जिन्याकडे वळले. मला ते सोसेना. त्यांना थांबवून मी कागदावर लिहून दिलं: शिडी मीच वापरणार, कुणाला देणार नाही. त्यांनी चष्मा लावून ते दोनदा वाचलं.

"तारीख?" म्हणाले.

मी तारीख घातली. त्यांनी कागद घडी करून खिशात ठेवला. आता वरच्या मजल्याला कुलूप आहे, आणि आमच्याकडे विरजण मागायला कुणी आलं की मीच विचारतो.