तिसरं ताट

हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही, बायकोलासुद्धा नाही. धरमतर खाडीच्या तोंडाशी एक शिडाची यॉट सोसाट्याच्या वाऱ्यात आडवी झाली आणि एका कोळ्याने आतल्या दोघांना वाचवलं, अशी आमच्या ठाण्याच्या कागदांत नोंद आहे. प्रत्यक्षात यॉटवर तिघे होतो. तिसरा मी. आणि त्या प्रकरणाची चौकशीही माझ्याचकडे होती.

नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले. त्यांतले बरेच आता आठवावे लागतात. हे एक मात्र विसरायचा प्रयत्न करूनही विसरता आलेलं नाही.

मी तेव्हा पेण तालुक्यातल्या खाडीकाठच्या एका ठाण्यात सहायक निरीक्षक होतो. मूळ रोह्याचा. शाळेपासूनचे दोन मित्र रोह्यातच राहिले होते. एकाचा धाटावला छोटा कारखाना, दुसरा कॉलेजात शिकवायचा. कारखानदार मित्राने मुंबईतल्या कोणाची तरी जुनी यॉट घेतली आणि ती आमच्या बाजूच्या एका धक्क्याला आणून बांधली. तिला होडी म्हटलं की तो चिडायचा. आम्ही मुद्दाम होडीच म्हणायचो.

त्या आठवड्यात बंदरावर तीन नंबरचा बावटा लागला. वारा वाढणार, कोणीही मासेमारीला बाहेर पडू नये, असा निरोप आला. असा निरोप आला की ठाण्याची जीप कोळीवाड्यात फिरवायची, ही आमची पद्धत. संध्याकाळी मी स्वतः जीपमध्ये बसून भोंग्यावर बोललो. जो बाहेर जाईल त्याच्यावर कारवाई होईल, परवाना थांबवला जाईल, असं दोन-तीनदा ठणकावलं.

घरी आलो तर मित्राचा फोन. "उद्या येतोस ना? वारा सुटलाय मस्त."

"अरे, बावटा लागलाय."

"तो मासे धरणाऱ्यांसाठी. आपण कुठे मासे धरतोय? वारा नसताना शिडाची होडी काढायची म्हणजे तळ्यात बसल्यासारखं. पोलिसात जाऊन पार भित्रा झालास तू."

तो स्वतः तिला होडी म्हणाला म्हणून मी हसलो, आणि हसण्याच्या भरात हो म्हणून बसलो. सकाळी साहेबांकडून दिवसाची रजा घेतली. कारण सांगितलं, रोह्याला घरी जाऊन येतो.

पहिला तासभर आम्ही खरोखर मजेत होतो, हे कबूल करायला हवं. यॉट एका अंगावर कललेली, शीड ताठ, तोंडावर खारं पाणी. प्राध्यापक मित्र मोठ्याने गात होता आणि वाऱ्यात त्याचं त्यालाच ऐकू येत नव्हतं. दोघांनी बुडू नये म्हणून घालायची नारंगी जाकिटं घातली होती. मी घातलं नाही. ठाण्याचा माणूस असल्या जाकिटात कोणी पाहिला तर, असं वाटलं.

खाडीच्या तोंडाशी गेलो आणि चित्र पालटलं. ओहोटीचं पाणी बाहेर धावत होतं आणि वारा समोरून आत येत होता. दोन्ही भिडून लाटा उभ्या राहिल्या होत्या. मित्र शीड उतरवायला गेला, तेवढ्यात एक झोत असा आला की शीड फाटलं आणि यॉट आडवी झाली. ते दोघे वरच्या कडेला लटकले. मी पाण्यात. हातात एक दोर आला, तेवढाच आधार.

किनाऱ्यावरून एका कोळ्याने आमचं शीड पडताना पाहिलं होतं. वयाने माझ्यापेक्षा वीस वर्षांनी मोठा माणूस. तो इंजिनची होडी घेऊन एकटा आला. पहिल्या दोघांनी त्याच्या होडीत उड्या मारल्या. मी दोन्ही होड्यांच्या मध्ये होतो. लाटेसरशी त्या लांब व्हायच्या आणि पुन्हा एकमेकींवर आदळायच्या. त्याने वाकून माझी कॉलर धरली आणि ओढलं. तेवढ्यात होड्या आदळल्या. त्याचा उजवा हात मध्ये होता. त्याने कॉलर सोडली नाही.

मी आत पडलो. त्याने हाताला पंचा गुंडाळला, डाव्या हाताने सुकाणू धरलं आणि माझ्याकडे नीट पाहिलं.

"सायेब, काल भोंग्यावर वरडत व्हतात ते तुमीच ना?"

मी मान हलवली.

"मंग आमाला एक सांगता नि तुमी दुसरंच करता व्हय?"

 माझ्या तोंडातून पहिलं वाक्य निघालं ते हे, "माझं नाव कुठे घेऊ नका." आभारसुद्धा नाही.

"नाय घेत," तो म्हणाला.

किनाऱ्याला लागल्यावर त्याने आम्हाला घरी नेलं. त्या घरात एक रीत होती. पाण्यातून काढलेला माणूस घरात जेवल्याशिवाय परत पाठवायचा नाही. तसाच गेला तर पाणी त्याला पुन्हा ओढतं, असं ती माणसं मानत. हात फुटलेला, पंचा लाल झालेला, तरी तो बायकोला म्हणाला, "आगो, आदी ह्यांना वाढ. मंग मी दवाखान्यात जातंय." तिने तीन ताटं मांडली. बावट्यामुळे ताजी मासळी नव्हती. तांदळाची भाकरी आणि सुकटाचं कालवण. आम्ही पहिला घास घेतला तेव्हाच तो रिक्षात बसला. मी ती भाकरी पूर्ण खाल्ली. भूक लागली होती.

दोन दिवसांनी ठाण्यात फोन आला. नाव सांगायला तयार नसलेला माणूस. "बावट्याच्या दिवशी कोळीवाड्यातली एक होडी बाहेर गेलती. बाजू फुटलीय तिची, जाऊन बघा. मागं आमची धरली तवा कायदा व्हता, आता कुठं गेला?" साहेबांनी चौकशी माझ्याकडे दिली. इशारा मोडणाऱ्याचा परवाना थांबवा, अशी वरून सक्त सूचना होती. परवाना गेला की हंगाम गेला, आणि त्या घराला दुसरं काही साधन नव्हतं.

मी त्याला बोलावून घेतलं. हात गळ्यात बांधलेला. दोन बोटं काढावी लागली होती. माझ्यासोबत जबाब लिहायला हवालदार बाई होत्या, रोह्याकडच्या शेतकरी घरातल्या, ठाण्यात नव्याने आलेल्या.

"बाहेर का गेला होता?" मी विचारलं.

"जालं काढाया."

"इशारा ऐकला नव्हता?"

"ऐकला ना. तुमचाच आवाज व्हता."

"हाताला काय झालं?"

"धक्क्याव होडी बांधताना चेंगारला."

खोटं बोलणारा माणूस सहसा जास्त बोलतो, न विचारलेलंही सांगतो, असा माझा अनुभव. हा विचारलं तेवढंच सांगून गप्प बसत होता. एकदाही माझ्याकडे रोखून पाहिलं नाही. पाहिलं असतं तर कदाचित मी तिथेच मोडलो असतो. जबाब संपला, डाव्या हाताचा अंगठा उमटवून तो गेला.

हवालदार बाई दुसऱ्या दिवशी पंचनाम्यासाठी त्याच्या घरी गेल्या. परत आल्या त्या सरळ माझ्या खोलीत. दार लोटून घेतलं.

"सर, जाळं काढायला गेला म्हणतो. जाळं आठवडाभर दांडीवर वाळत पडलंय, शेजारीपाजारी सगळे सांगतात. तो माणसं आणायला गेला होता. बायको संतापली आहे त्याच्यावर. मला म्हणाली, गो बाय, मी तीन ताटं वाढली, नि हा सांगतो जालं."

मी टेबलावरची फाईल मिटली.

"मी विचारलं, तिघे कोण? तर म्हणाली, तुमच्याच सायबाला इचारा, भाकरी कशी झालती."

 आता हे सांगून टाकावं, असं मला एक क्षण खरंच वाटलं. मग डोळ्यांपुढे रजेचं कारण आलं, भोंग्यावरचा स्वतःचा आवाज आला, खात्यातली माणसं काय म्हणतील ते आलं.

"दोन लिहा," मी म्हणालो. "यॉटच्या मालकाला मी हजर करतो."

त्यांनी पेनाचं टोपण काढलं. "परवाना वाचणार असेल तर दोन लिहिते, सर. पण ताटं तीन होती, हे मला माहीत आहे. तुम्हीही विसरू नका."

दोन्ही मित्र आले, जबाब दिले. आम्ही बुडत होतो, ह्यांनी आम्हाला काढलं. होडी जीव वाचवायला गेली होती हे सिद्ध झालं, परवान्यावरची कारवाई टळली. साहेबांनी माझी पाठ थोपटली. कारखानदार मित्र बाहेर व्हरांड्यात म्हणाला, "त्यांचा हात मला ओढताना गेला असं मी लिहून देतो. बक्षिसाचा प्रस्ताव तरी जाईल वर, काही मदत मिळेल." मी त्याला थांबवलं. प्रस्ताव गेला की वरून कोणीतरी येणार, कोण कुठे होतं ते पुन्हा विचारणार. "वाढवू नकोस," मी म्हणालो. हात धक्क्यावर चेंगरला, हे तसंच राहिलं. कोळ्यानेही बदललं नाही. त्याला विचारलं तर म्हणाला, "येकदा सांगितलं ते सांगितलं."

पुढे माझी बदली झाली. मग बढती, आणि मागच्या वर्षी मी मुदतीआधी निवृत्ती घेतली. लोक विचारतात, इतक्या लवकर का? तब्येतीचं सांगतो.

त्या घरी मी जातो. पहिल्यांदा गेलो तेव्हा उंबऱ्यावर पाय अडला होता. त्याची बायको आतून म्हणाली, "या, सायेब. आज सुकट नाय, आज बोंबील हाय. तुमचं नशीब." तेव्हापासून येणंजाणं आहे. होडी आता पुतण्या चालवतो, अर्धी मिळकत त्याची. म्हातारा डाव्या हाताने जाळ्याची गाठ मारायला शिकला आहे, चुकली की स्वतःलाच शिवी देतो. माझ्या मुलीच्या लग्नात दोघं आली होती, पुढच्या रांगेत बसली होती. ती मुलगी त्या दिवसानंतर माझ्या डोळ्यांपुढे वाढली, शिकली, ते या माणसाने कॉलर सोडली नाही म्हणून. माझं त्यानंतरचं प्रत्येक जेवण त्याचं आहे, असं मी मानतो, आणि हे मानताना मला कमीपणा वाटत नाही. बरंच वाटतं.

एकदा मी त्याला विचारलं, "माझं नाव का नाही घेतलंत? परवाना गेला असता."

"तुमी सांगितलं व्हतं ना नको म्हणून."

"पण मी चूक सांगितलं होतं."

"ता तुमचा तुमी बगा," तो म्हणाला, आणि सुतळी तोंडात धरून पुढची गाठ मारू लागला.

नोकरीभर मी एकच प्रश्न विचारत आलो: ह्यात ह्याचा फायदा काय? त्यातून बरेच गुन्हे उलगडले. या प्रकरणात तो प्रश्न फक्त मला लागू पडत होता. त्या माणसाला, त्याच्या बायकोला, त्या हवालदार बाईंना तो लावून पाहिला तर हाती काहीच येत नव्हतं. त्या तिघांमुळे मी नोकरीत राहिलो आणि पुढे माणसांशी थोडा बरा वागलो. समोरचा गप्प बसला की तो लपवतोय असं धरून मी नंतर कधी हात उगारला नाही.

हवालदार बाईंना परवा फोन केला. हे एका मासिकासाठी लिहितोय म्हणून सांगितलं. त्या म्हणाल्या, "लिहा, सर. पण मासिकातलं लिहिणं म्हणजे जबाब नव्हे."

त्यांचं बरोबर आहे. त्या माणसाचा उजवा हात धक्क्यावर गेला नाही; मला पाण्यातून ओढताना गेला. हे नावानिशी, सही करून, त्याच ठाण्यात लिहून देणं, एवढं मी त्याचं देणं लागतो. अजून दिलेलं नाही.